कारचं तेल

मोटारसायकलवर चार कॅन बसत, वीस-वीस लिटरचे. दोन उजवीकडे, दोन डावीकडे. ते धरायला मागे लोखंडी सांगाडा होता, अकरा किलोचा. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून तिनंच एकदा पाहिला होता. रबरी पट्टे दोन, एक जुना, एक नवा. हँडलला टांगलेला पत्र्याचा मग एक. तिचं स्वतःचं वजन अठ्ठेचाळीस. पायथ्याच्या नळापासून खाणीपर्यंतचा चढ पावणेदोन किलोमीटर, त्यावर वळणं सात, त्यांतलं चौथं आणि सहावं कोपरात दुमडलेल्या हातासारखं. खाणीत माणसं बेचाळीस. उन्हाळ्यात दगड फोडणाऱ्या माणसाला दिवसाला अकरा लिटर पाणी लागतं, तोंडावर मारायचं धरून. म्हणजे चोवीस कॅन. म्हणजे सहा खेपा.

खाणीतला झरा दर उन्हाळ्यात आटे आणि तीन महिने पाणी वाहायचं काम या घराकडे येई. घरात कामाला माणसं होती, पण मोकळं कुणी नव्हतं. थोरला मालकाची कार चालवायचा. धाकटा खाणीतच ड्रिल धरायचा. सात वर्षं ड्रिल धरून त्याचे कान गेल्यात जमा होते. सासरे क्रशरच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर, गुडघ्यांनी बसवलेले. उरली धाकटी सून. गेल्या वर्षी तिनं सासऱ्यांची जुनी मोटारसायकल शिकून घेतली, आठ दिवसांत दोनदा पडली, नवव्या दिवशी भरलेले कॅन घेऊन वर गेली. तेव्हापासून त्या गाडीची चावी तिच्या कमरेला असे आणि घरातल्या दोघा-तिघांच्या डोळ्यांत ती खुपे.

यंदा काम सुरू होऊन पंधरा दिवस झाले आणि तेल बदलायची वेळ आली. दर वेळी सासरे बाजारातून ठरावीक बाटली आणत. या वेळी रविवारी सकाळी थोरला एक चंदेरी डबा घेऊन अंगणात आला आणि तो सगळ्यांना दिसेल असा ओट्यावर ठेवला.

“मालकांच्या गाडीत घालून उरलं,” तो म्हणाला. “असलं तेल या वस्तीत कुणाच्या गाडीनं हुंगलंसुद्धा नसेल.”

सासऱ्यांनी एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीनं चोळला, बोटं लांब केली.

“पातळ आहे.”

“अप्पा, आता पातळच येतं. मधासारखं तेल घालायचे दिवस गेले.”

सासऱ्यांनी बोटं फडक्याला पुसली. कमावत्या मुलापुढे ते अलीकडे लवकर गप्प बसत. तिनं डबा उचलून वाचला. घर्षण कमी, इंधनाची बचत, असं लिहिलं होतं, आणि वर लाल रंगाच्या कारचं चित्र होतं.

“भाऊजी, यावर चित्र कारचं आहे.”

“मग? साबणाच्या वडीवर बाईचं चित्र असतं. म्हणून आम्ही अंघोळ करायची नाही का?”

जाऊ खळखळून हसली. सासऱ्यांच्या ओठाचा कोपराही हलला. धाकट्यानं ऐकलं नव्हतं, तरी सगळे हसतायत म्हणून तोही हसला. तिनं डबा खाली ठेवला. थोरल्यानं बाही वर सारून नट सोडला, जुनं काळं तेल घमेल्यात सोडलं आणि नवं ओतलं. इंजिन चालू केलं तर खरंच आवाज मऊ झाला होता.

“ऐक,” तो म्हणाला. “लोण्यासारखं चालतंय.”

दोन दिवस गाडी लोण्यासारखीच चालली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खेपेला चौथ्या वळणावर तिनं दुसरा गिअर टाकून मूठ पिळली, इंजिन ओरडलं, आणि गाडी मात्र होती त्याच चालीनं सरकत राहिली. तिनं आणखी पिळली. आवाज वाढला. रस्त्याच्या कडेचे चुना लावलेले दगड तेवढ्याच सावकाश मागे जात होते. मग एक वास आला, करपल्या कापडासारखा. तिनं लगेच मूठ सोडली, पाय टेकले आणि ब्रेक दाबून उभी राहिली. मागे ऐंशी किलो पाणी तिला उतारावर ओढत होतं.

तिनं गाडी कशीबशी कडेला लावली, चाकामागे धोंडा सरकवला आणि दोन कॅन उतरवून कपारीच्या सावलीत ठेवले. उरलेले दोन घेऊन, मूठ निम्म्यापेक्षा जास्त न पिळता, ती निघाली. गाडीनं पकड धरली. वर जाऊन कॅन रिकामे केले, परत आली, ठेवलेले दोन घेऊन पुन्हा वर गेली.

त्या दिवसापासून तिनं तोच हिशेब धरला. एका वेळी दोन कॅन. आवाज चालीच्या पुढे पळायला लागला की त्याच क्षणी मूठ बंद. कोपरासारख्या दोन वळणांवर ती खाली उतरायची आणि पहिल्या गिअरात गाडी चालवत स्वतः बाजूनं पळायची, एक हात मुठीवर, एक सांगाड्यावर. सहाच्या बारा खेपा झाल्या. तळहातावर मुठीच्या नक्षीचे वळ उठले. सांगाडा आपटून आपटून उजव्या पोटरीवर हिरवा डाग पडला. पाणी दहाच्या ऐवजी पहिल्या दिवशी साडेअकराला पुरं झालं, दुसऱ्या दिवशी बाराला.

खाणीत मुकादम छत्री घेऊन उभा होता.

“दहाचं पाणी बाराला? तोवर माणसांनी काय, खडी प्यायची?”

“गाडी घसरतेय. क्लच धरत नाही.”

“गाडी घसरतेय की तू?”

पिंपाभोवतीची माणसं हसली. एक जण म्हणाला, “मुकादम, बाईला गाडी नाही, गाडीला बाई घसरवते.” त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही, तरी सगळे पुन्हा हसले. पंचवीस पावलांवर तिचा नवरा कानाला फडकं बांधून ड्रिलवर ओणवा झाला होता. त्याची पाठ हलत होती. त्यानं वर पाहिलं नाही.

“तुझ्या दिरानं कालच सांगितलंय,” मुकादम म्हणाला. “त्याच्या बायकोचा भाऊ मोकळा आहे म्हणे. दांडगा आहे. मी चार दिवस वाट बघतो. तोवर जमलं तर ठीक.”

ती कॅन ओतत होती. तिचा हात थांबला नाही, पण थोडं पाणी पिंपाबाहेर गेलं.

“सांडू नकोस,” मुकादम म्हणाला. “एवढं तरी जमतं का बघ.”

संध्याकाळी घरात विषय तिनं काढला नाही. थोरल्यानंच काढला, जेवताना, सासऱ्यांकडे बघत.

“क्लच जाळला हिनं. मला मुकादमानं सांगितलं.”

“क्लच जळला नाही,” ती म्हणाली. “तेल बदलल्यापासून घसरतोय.”

“तेल!” थोरल्यानं घास ताटात ठेवला. “मालकांची एवढी मोठी गाडी त्या तेलावर पळते. आणि तुझ्या या खटाऱ्याला ते चालेना?”

“आधी घसरत नव्हतं. तेल घातल्यावर तिसऱ्या दिवशी घसरलं.”

“आधीपासून जाळत आणला असशील, तो तिसऱ्या दिवशी संपला. चढाला अर्धा क्लच दाबून बसायची सवय असते बायकांना. सोडायची भीती. मी रोज रस्त्यावर बघतो.”

जाऊ वाढता वाढता म्हणाली, “पुरुषाचं काम अंगावर घ्यायची हौस. आता घ्या.”

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ही गाडी त्यांची. तिच्या पोटात काय आहे ते या घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

“मामा, तुम्हीच म्हणाला होता, तेल पातळ आहे.”

सासऱ्यांनी पाणी प्यायलं. भांडं खाली ठेवलं.

“पातळ म्हणालो. वाईट म्हणालो नाही. क्लच चालवणाऱ्याच्या हातावर टिकतो. माझा प्लेटांचा एक सेट सहा वर्षं चालला.”

“तेच म्हणतोय मी,” थोरला म्हणाला. “मेव्हणा सोमवारपासून यायला तयार आहे. चावी त्याच्याकडे देऊ. हिनं घर बघावं.”

धाकटा सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. “काय झालं?”

ती त्याच्या उजव्या कानाशी वाकली. त्या कानाला थोडं यायचं. “मला कामावरून काढतायत.”

त्यानं घास गिळला. मग म्हणाला, “दादा गाड्यांतला माणूस आहे.” आणि ताटाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी बाराव्या खेपेनंतर ती रिकामे कॅन घेऊन तशीच बाजाराच्या रस्त्यावर मेस्त्रीकडे गेली. मेस्त्रीचं दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रे आणि चौथ्या बाजूला रस्ता. माणूस तिरसट होता, गिऱ्हाइकाला बसायला स्टूल ठेवत नसे, बसली की माणसं बोलतात म्हणून. त्यानं गाडीवर बसून एक फेरी मारली, परत आला, तेलाच्या भोकाचं झाकण काढून काडी बुडवली आणि काडीवरचं तेल नाकाजवळ नेलं.

“काय घातलंय?”

“कारचं.”

“कुणी?”

तिनं रिकाम्या कॅनचा पट्टा आवळला.

“कुणीही घालो, अक्कल गहाण ठेवून घातलंय.” त्यानं काडी पुसली. “कारचा क्लच वेगळ्या डब्यात असतो, कोरडा. तेल त्याच्यापर्यंत जात नाही. हिचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडलेला. पाच प्लेटा एकमेकींना घासून पकड धरतात. तेलात घसरवणारं औषध असलं की त्या धरणार कशा? हिला मोटारसायकलचंच तेल लागतं. बाटलीवर लिहिलेलं असतं. वाचता येतं ना?”

“येतं.”

“मग घालताना कुठे गेलं होतं वाचणं?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं विचारायचं तेच विचारलं. “प्लेटा जळल्या असतील?”

“किती दिवस असं चालवलंय?”

“तीन. पण दोनच कॅन. आवाज वाढला की मूठ बंद.”

मेस्त्रीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पोटरीवरचा डागही पाहिला.

“मग वाचल्या असतील. तेल काढून टाक. चांगलं घाल, दोनशे किलोमीटर चालव, तेही काढ, पुन्हा घाल. पकड येईल.”

घरी येऊन तिनं हे जसंच्या तसं सांगितलं. अक्कल गहाण ठेवल्याचं तेवढं गाळलं. पण मेस्त्रीचा शब्द मधे आला हेच थोरल्याला पुरे झालं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“रस्त्यावरचा पान्हेवाला मला शिकवणार? मी अकरा वर्षं गाडी चालवतोय. उद्या सकाळी मी स्वतः चार कॅन घेऊन वर जातो. गाडी चढली तर दोष कुणाचा ते सगळ्यांना कळेल.”

“नका जाऊ,” ती म्हणाली. “चार कॅन घालून मूठ पिळली तर असलेल्या प्लेटाही जळतील.”

“घाबरलीस?”

“हो.”

“बघा,” तो सासऱ्यांना म्हणाला, “स्वतःच्या तोंडानं सांगतेय.”

सकाळी नळावर त्यानं चारही कॅन भरले, पट्टे कचकचून आवळले आणि चावीसाठी हात पुढे केला. तिनं चावी दिली. तो वजनानंही ऐंशीचा. गाडीचे मागचे स्प्रिंग दबून तळाला टेकले. ती गाडीच्या मागे न जाता पायवाटेनं चढली. पायवाट सरळ चौथ्या वळणावर निघे. ती वर पोचली तेव्हा गाडी तिसऱ्या वळणाच्या खाली दिसत होती. आवाज आधी येत होता, गाडी नंतर.

तिसरं वळण त्यानं वेगाच्या जोरावर मारलं. चौथ्याच्या तोंडाशी आवाज सुटला. इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी चालत्या माणसाच्या चालीवर आली. तिनं आपोआप मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. त्यानं मूठ सोडली नाही. तो पुढे वाकला, दात आवळले, आणखी पिळली. अठरा, एकोणीस. करपल्याचा वास तिच्यापर्यंत आला. ती ओरडली, “सोडा! भाऊजी, मूठ सोडा!” त्यानं ऐकलं. तिच्याकडे पाहिलंही. सोडली नाही. एकतीस. बत्तीस. निळसर धूर इंजिनाच्या उजव्या बाजूनं निघाला. एक्केचाळिसाव्या आकड्याला गाडी पूर्ण थांबली आणि मागे यायला लागली. तेव्हा तो उडी मारून उतरला. दोघांनी मिळून ती धरली. तिचा खांदा सांगाड्याखाली होता, त्याचे हात हँडलवर.

“बघितलंस?” तो धापा टाकत म्हणाला. “प्लेटाच उरल्या नाहीत. तू खाल्ल्यास.”

“तीन दिवस मी जपल्या. तुम्ही एक्केचाळीस सेकंदांत जाळल्या.”

“तोंड सांभाळ. मोजत बसली होती म्हणे!”

“मोजलं म्हणून सांगता येतंय.”

त्याचा हात हँडलवरून उचलला गेला. गाडी लगेच इंचभर मागे सरली, म्हणून त्याला तो परत ठेवावा लागला.

पाणी त्यांनी तिथेच ओतून दिलं. ऐंशी लिटर पाणी उतारावर धुळीतून वाट काढत गेलं आणि दुसऱ्या वळणाच्या आधीच जिरलं. इंजिन बंद करून, उतारानं, गाडी मेस्त्रीच्या दुकानापर्यंत सरकत आली. वाटेत घराशी थांबून थोरल्यानं सासऱ्यांना बरोबर घेतलं होतं. ते काठी टेकत मागून पोचले.

“तेल बदलून बघू,” मेस्त्री म्हणाला.

“तेल नाही बदलायचं,” थोरला म्हणाला. “उद्या पकड आली तर तुम्ही म्हणणार तेलाचा दोष, नाही आली तरी म्हणणार तेलाचा. उघडा. प्लेटा बाहेर काढा. मला बघायच्यात.”

“बघून कळत नाही. मोजावं लागतं. नवी प्लेट तीन मिलिमीटर. दोन पॉइंट साठला मेली. साठच्या वर असेल तर ती जिवंत आहे, घसरण तेलाची. खाली असेल तर जळाली.”

“मग ठरलं. पाचांतली एक जरी साठच्या खाली आली, तरी सोमवारपासून चावी मेव्हण्याकडे.”

“आणि वर आल्या तर?” तिनं विचारलं.

“येणार नाहीत.”

“आल्या तर चावी माझ्याकडेच. या गाडीत तेल कुठलं जायचं ते मी ठरवणार, मीच आणणार, दुसऱ्या कुणी झाकणालाही हात लावायचा नाही. आणि तुम्ही मुकादमासमोर उभं राहून सांगायचं, तेल मी घातलं होतं म्हणून.”

थोरला हसला. सकाळचे एक्केचाळीस सेकंद त्यालाही माहीत होते. “चालेल. पण माप हा नाही घेणार. हा तुझ्या बाजूचा. माप अप्पा घेतील.”

ती सासऱ्यांकडे वळली नाही. जळायचं ते सकाळीच जळलं असणार, आणि नाव तिचं लागणार होतं.

मेस्त्रीनं तेल घमेल्यात सोडलं. आठवडाही न झालेलं तेल जुन्याहून काळं निघालं. मग उजव्या बाजूचं झाकण सोडलं, चार बोल्ट, चार स्प्रिंग, आणि एकेक करून पाच प्लेटा पत्र्यावर मांडल्या. सगळ्यांच्या कडा काळवंडल्या होत्या.

“काळ्या ठिक्कर!” थोरला म्हणाला. “अजून काय मोजायचं?”

“काळं म्हणजे पातळ नव्हे,” मेस्त्री म्हणाला आणि फडक्यात गुंडाळलेला, जाडी मोजायचा व्हर्नियर सासऱ्यांपुढे धरला.

सासरे डब्यावर बसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती, क्रशरच्या पट्ट्यात गेलेली. पण व्हर्नियर त्यांनी उजव्या हातात घेतला तो रोज घेतल्यासारखा. जबडे मिटवून त्यांनी आधी शून्य जुळतं का पाहिलं.

“अप्पा, नीट बघा,” थोरला त्यांच्या कानाशी वाकला. “डोळे अधू झालेत तुमचे. आणि आपलं घर बघा.”

“डोळे अधू झालेत,” सासरे म्हणाले. “आकडे नाही. बाजूला हो.” मग मान न वळवता सुनेला म्हणाले, “तूही मागे सर. सावली पाडतेस.”

ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. त्यांनी पहिली प्लेट फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसली, तीन ठिकाणी जबड्यात धरली, तीनही वेळा रेघा उन्हाकडे करून वाचल्या. त्यांतलं सगळ्यात कमी भरलं ते मोठ्यानं सांगितलं.

“दोन पॉइंट चौऱ्याहत्तर.”

मेस्त्रीनं खडूनं पत्र्यावर लिहिलं. थोरल्यानं हाताची घडी घातली.

“दोन पॉइंट शहात्तर.”

तिसरीला ते थोडे थांबले. पुन्हा पुसली. पुन्हा धरली.

“दोन पॉइंट अडुसष्ट.”

“उतरतंय,” थोरला म्हणाला.

“बोलू नकोस.” चौथी. “दोन पॉइंट बहात्तर.”

पाचवी सगळ्यांत काळी होती. तिच्या एका बाजूला काचेसारखी चकाकी आली होती. सासऱ्यांनी ती पुसली, नखानं खरवडली, पुन्हा पुसली. एका ठिकाणी मोजली. दुसऱ्या ठिकाणी मोजली. तिसऱ्या ठिकाणी मोजताना त्यांचा अर्ध्या बोटांचा हात हलला, म्हणून जबडे उघडून त्यांनी पहिल्यापासून धरलं. मेस्त्री त्यांच्या खांद्यावरून वाकला. थोरलाही वाकला, पण त्याला रेघा वाचता येत नव्हत्या.

“काय आलं?” त्यानं विचारलं.

सासऱ्यांनी व्हर्नियरचा स्क्रू आवळला, म्हणजे माप हलणार नाही, आणि तो तसाच मेस्त्रीच्या हातात दिला.

“दोन पॉइंट चौसष्ट,” ते म्हणाले.